मिरजेच्या पुढे

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक, उभ्या आयुष्यात त्यांनी कधी बिनतिकीट प्रवास केला नाही. आणि दुसरी, ते बेळगावला कधी गेले नाहीत. पहिल्या गोष्टीचा अभिमान कोणालाही समजेल. दुसरीचा समजायला थोडा खुलासा हवा. बेळगाव हे माझे आजोळ, अर्थात दादांची सासुरवाडी. सासुरवाडीला न जाण्याची कारणे जावईमंडळींकडे नेहमीच तयार असतात. कोणाला मान कमी मिळालेला असतो, कोणाला लग्नातला आहेर आठवत असतो. दादांचे कारण यांपैकी नव्हते. त्यांचे कारण राज्यपुनर्रचनेचे होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दादा पंधरा-सोळा वर्षांचे होते. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत त्यांचे बालपण गेले. चाळीच्या पटांगणात सभा होत, जिन्यांवर मोर्च्याचे फलक रंगवले जात, आणि १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला त्या दिवशी दादा घरी न सांगता तिकडे गेले होते. त्यांची एक चप्पल तिथेच राहिली. ती हरवलेली चप्पल आमच्या घरी पदकासारखी मिरवली जाई. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. वरळीत पेढे वाटले गेले. दादांनी पेढा घेतला आणि तो हातात धरूनच चारचौघांसमोर शपथ घेतली: 'बेळगाव महाराष्ट्रात येईपर्यंत बेळगावात पाऊल ठेवणार नाही.' तेव्हा त्यांचे वय वीस. विसाव्या वर्षी माणूस अशा शपथा सहज घेतो. कारण पुढे तेरा वर्षांनी आपल्याला बेळगावचीच मुलगी सांगून येणार आहे, हे त्याला कुठे ठाऊक असते?

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम मुंबईत एका नातेवाइकांकडे झाला. पसंती झाली. तिथी ठरली. मग मुलाकडून निरोप गेला, की लग्न मिरजेला लावावे. आजोबांना आधी वाटले, मिरजेला मुलाचा कुलस्वामी असेल. खरे कारण कळल्यावर ते नुसते हसले आणि त्यांनी मिरजेत कार्यालय पाहिले. अशा रीतीने १९७३ साली, महाराष्ट्राच्या हद्दीत, विधिपूर्वक लग्न लागले. 'बेळगाव मिळत नाही तर नाही, निदान बेळगावची मुलगी तरी आणली पठ्ठ्याने!' असे चाळीतले एक जुने कार्यकर्ते म्हणाल्याचे आई पुढे सांगत असे. सांगताना ती हसे.

आईच्या बोलीने चाळीला पहिली काही वर्षे फुकट करमणूक पुरवली. ती 'मी येतो', 'मी जातो' असे पुरुषी थाटात बोलायची. 'पण' या शब्दाची जागा तिच्याकडे 'खरं' या शब्दाने घेतली होती. 'मासळी ताजी होती, खरं काटे फार.' चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावत. पुढे मी मराठीची अध्यापिका झाले तेव्हा ध्यानात आले, की आई चुकीचे मराठी बोलत नव्हती. ती कन्नडच्या शेजारी शतकानुशतके नांदलेले मराठी बोलत होती. आपण ज्या तुपाची धार भातावर धरतो ते 'तूप', सुपारी कातरतो तो 'अडकित्ता', आणि ज्यांना आदराने हाक मारतो ते 'अण्णा' आणि 'अक्का', ही सारी मंडळी तिकडूनच आलेली. ज्ञानेश्वरांनी तर विठ्ठलालाच कानडा म्हटले. मात्र हे व्याकरण मला समजेपर्यंत आईची बोली वरळीच्या पाण्याने बरीच धुऊन निघाली होती. फक्त माहेरची गाडी पकडायची वेळ आली, की ती पुन्हा 'येतो की!' म्हणू लागे.

ही माहेरची गाडी म्हणजे आमच्या घरातला वार्षिक सोहळा. मे महिन्यात दादा आम्हाला घेऊन दादरला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसत. पहाटे मिरज येई. त्या काळी मिरज हे मोठे नवलाचे स्टेशन होते. तिथे तीन मापांचे रूळ एकत्र येत. पुण्याकडून येणारे रुंद, पाच फूट सहा इंचांचे; बेळगावकडे जाणारे एक मीटरचे; आणि पंढरपूरकडे जाणारे अडीच फुटांचे, वारकऱ्यांना शोभतील असे साधे. मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसायचे. ट्रंका, वळकट्या, फिरकीचा तांब्या, आंब्याची पेटी असे सगळे सामान हमालाच्या डोक्यावरून या फलाटाचे त्या फलाटावर जायचे. दादा मला रूळ दाखवत आणि गंभीरपणे सांगत, 'बघ, इथून पुढे रूळसुद्धा अरुंद होतात.' कर्नाटकात सगळेच लहान असते, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. मामाचे घर पाहिल्यावर मात्र पंचाईत होई, कारण त्याची एकटी पडवीच आमच्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीएवढी होती.

दादा आम्हाला खिडकीपाशी जागा धरून देत, तांब्या भरून आणत, आणि खाली उतरत. शिट्टी होई. गाडी हले. दादा फलाटावर उभे राहत आणि लहान लहान होत जात. मग दुसऱ्या गाडीने ते मुंबईला परत फिरत. महिन्याने आम्हाला न्यायला पुन्हा मिरजेला हजर. येताना आई कुंद्याचा डबा आणी. बेळगावचा कुंदा दादा आवडीने खात. कुंद्याला त्यांच्या शपथेत काही जागा नव्हती.

हे सगळे मी हसत सांगते आहे, कारण घरात ते हसतच सांगितले जाई. एका वर्षाचे मात्र कोणी सांगत नसे.

१९८८ साली आजोबा गेल्याची तार आली. मी नऊ वर्षांची होते. त्याच रात्री आम्ही निघालो. मिरजेला दादांनी नेहमीप्रमाणे सामान चढवले, जागा धरली, पाणी आणले. आई मात्र गाडीत बसली नाही. फलाटावरच उभी राहिली. ती म्हणाली, 'आज तरी येता?' बस्, एवढेच. दादा रुळांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'तू हो पुढे.' आई चढली. खिडकीशी मी बसले. ती पलीकडच्या अंगाला तोंड करून बसली. गाडी सुटताना मी हात हलवला, तिने हलवला नाही. परतताना दादा न्यायला आले होते. त्या वर्षी कुंदा आला नाही. सुतक होते म्हणून आणला नसेल, असे मी समजून चालले.

नव्वदीच्या दशकात मिरजेच्या पुढचे रूळही रुंद झाले. मुंबईची गाडी थेट बेळगावपर्यंत धावू लागली. तरी दादा मिरजेचे तिकीट काढीत आणि मिरजेला उतरत. मी तेव्हा कॉलेजात होते आणि वाद घालण्याच्या वयात होते. 'आता मिरजेला गाडी बदलत नाही, तर तुम्ही का उतरता?' असे मी विचारले. दादा म्हणाले, 'गाडी बदलत नसेल. हद्द बदलली का?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे म्हणजे कोणाकडेच नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. इतक्या काळात आमच्या घरी एक माणूस दरवर्षी मिरजेला उतरत होता.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तिची ट्रंक आवरताना कुंद्याचा एक रिकामा डबा निघाला. त्यात जुनी पुठ्ठ्याची तिकिटे होती, मिरज ते बेळगाव. बाहेर पडताना कित्येकदा ती कोणी मागतच नसे. आईने जपून ठेवली होती. अकरा तिकिटे पूर्ण आणि तितकीच अर्धी. दादांनी ती पत्त्यांसारखी हातात घेतली, एकेक पाहिली, पुन्हा रचली आणि डब्यात ठेवून झाकण लावले. बोलले काहीच नाहीत. तो डबा पुढे त्यांच्या कपाटात गेला.

गेल्या मे महिन्यात मामाला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. पत्रिका आली, तीवर नेहमीप्रमाणे दादांचे नाव पहिले. मामाने कधीही दादांना वगळून आमंत्रण धाडले नाही आणि दादांनी कधीही ते स्वीकारले नाही. या खेपेला दादांनी पत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाले, 'मिरजेपर्यंत येईन मी. सोबत होईल तुला.' पंच्याऐंशी वर्षांचा माणूस सेहेचाळीस वर्षांच्या मुलीला सोबत करणार होता! मी बरे म्हटले. तिकिटे मोबाइलवर काढायला बसले, तर तिथे 'बेळगाव' सापडेना. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव 'बेळगावी' झालेले. गंमत अशी, की रेल्वेचे सांकेतिक अक्षर अजून जुन्या नावाचेच आहे, 'बीजीएम'. दोन तिकिटे काढली. दोन्ही कुठपर्यंतची, ते दादांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

रात्री दादरहून चालुक्य एक्स्प्रेसमध्ये बसलो. ही गाडी थेट पुदुच्चेरीला जाते. दादा खुशीत होते. किर्लोस्करवाडी रात्री येते, ती आपल्याला झोपेत दिसणार नाही म्हणून त्यांनी तिची गोष्ट आधीच सांगून टाकली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलीचे दुकान बेळगावात १८८८ साली सुरू झाले. पुढे तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी आसरा दिला, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला. 'म्हणजे बघ, बेळगावातून गाडीत बसून माणूस इकडे आला आणि त्याने गाव वसवले,' दादा म्हणाले. मी म्हटले, 'आईसुद्धा तशीच आली.' दादांनी पांघरूण ओढून घेतले.

मला लवकर झोप लागेना. ही गाडी पुदुच्चेरीला जाते, यावरून मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण झाली. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर त्यांना बरे वाटेनासे झाले, ते सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांनी देह ठेवला. दफन मिरजेला झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे. आणि त्यांच्याकडे शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. किराणा घराण्याचे निम्मे गाणे या रुळांवरूनच इकडे-तिकडे गेले. त्या सुरांना हद्द मात्र कुठे लागली नाही.

पहाटे मिरज आली. चहावाल्यांचा गलका झाला. गाडी इथे बराच वेळ थांबते. मी खालच्या बाकाकडे पाहिले. दादा भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरूण घेऊन निजले होते. मी हळूच म्हटले, 'दादा, मिरज आली.' पांघरूण हलले नाही. दादांची झोप अशी, की शेजारच्या खोलीत मांजराने भांडे पाडले तरी ते उठून बसतात. मी पुन्हा हाक मारली नाही. माझ्या काळजाचे ठोके मात्र मलाच ऐकू येत होते. शिट्टी झाली. गाडी हलली. आयुष्यात प्रथमच मी मिरजेचा फलाट मागे जाताना पाहिला आणि त्यावर दादा उभे नव्हते.

शेडबाळ गेले. कुडचीच्या अलीकडे कृष्णेचा पूल लागला. आई या पुलावरून नदीत नाणे टाकायची; मीही टाकले. मग ऊस, काळी रानें, रायबाग, घटप्रभा. घटप्रभेला दादा उठून बसले, चष्मा लावला आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मी चहा घेतला. त्यांनीही घेतला. मिरज हा शब्द दोघांनीही काढला नाही.

गाडी बेळगावात शिरली. दादा हळूहळू उतरले आणि मग एकदम म्हणाले, 'झोप लागली. तू उठवले नाहीस.'

'नाही उठवले,' मी म्हटले.

'मिरजेच्या पुढे बिनतिकीट झालो की मी!' आता त्यांचा चेहरा खरोखर उतरला. एका शपथेचे जे व्हायचे ते झाले होते, निदान दुसरा अभिमान तरी शाबूत राहावा, अशी त्यांची इच्छा दिसली. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही नावे वाचली, कुठून कुठपर्यंत तेही वाचले आणि मोबाइल परत दिला. 'आईवर गेलीस,' एवढेच म्हणाले.

मी बॅग उचलली. पण दादा फलाटावरच्या बाकावर बसले. म्हणाले, 'जरा थांबू. स्टेशन बघू.' आणि थोड्या वेळाने, वकिली थाटात, 'स्टेशन म्हणजे रेल्वेची जागा. केंद्र सरकारची. गाव बाहेर आहे.' शपथेतली ही पळवाट त्यांना पासष्ट वर्षांनी सापडली होती. मी मामाला फोन करून सांगितले, की दादा आले आहेत, खरं स्टेशनात बसले आहेत. पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही.

मग मी दादांना स्टेशन दाखवले. माझ्या लहानपणीची बैठी इमारत आता राहिलेली नाही. नवी भव्य इमारत उभी आहे. तिचे उद्घाटन २७ फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. फलाटावर मराठा लाइट इन्फंट्रीची कोवळी पोरे काळ्या ट्रंकांवर बसली होती. या पलटणीचे केंद्र बेळगावातच आहे. त्यातल्या एकाला दादांनी गाव विचारले. 'सातारा,' तो म्हणाला. 'बरं वाटतं का इथे?' 'जेवण चांगलं आहे, आजोबा.' सीमाप्रश्नावर त्याने एवढेच मत दिले.

हा मार्ग सदर्न मराठा रेल्वे कंपनीने बांधला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर या मुलखात धान्य वेळेवर पोचावे, हाही हेतू त्यामागे होता. कंपनीच्या नावातले 'मराठा' हे दादांचे हुकमी पान. 'इंग्रजाने लिहून ठेवले आहे, हा मराठा मुलूख!' असे ते घरी ठासून सांगत. आई भाकरी थापता थापता म्हणे, 'होय की, मग हुबळी-धारवाड पण घ्या.' कारण कंपनीचे रूळ तिकडेही गेले होते. आज मला वाटते, त्या एका वाक्यात आईने अख्खा महाजन अहवाल संपवला होता.

१८९२ च्या ऑक्टोबरात एक तरुण संन्यासी या गावी काही दिवस राहिला. आधी वकील भाट्यांकडे, मग हरिपद मित्र या बंगाली वनाधिकाऱ्याकडे. निघताना मित्रांनी त्याला मुरगावचे तिकीट काढून गाडीत बसवले आणि मनापासून साष्टांग नमस्कार घातला. पुढच्याच वर्षी तो संन्यासी शिकागोला गाजला. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीजवळ काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे हे त्याचे कर्ते पुरुष. टिळकांचे अनुयायी आणि 'कर्नाटकसिंह', दोन्ही एकाच वेळी. तिथे कन्नड नाडाच्या उदयाचे, हुयिलगोळ नारायणरावांचे गीत गायले गेले. आणि बरोबर बावीस वर्षांनी, १९४६ साली, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले ते याच गावात, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तोही इथेच. म्हणजे संयुक्त कर्नाटकाचे गाणे याच गावात आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठरावही याच गावात. दोघांनी आपापले स्वप्न इथेच पाहिले, मग गावाने कोणाला नाही म्हणावे?

दादा ऐकत होते. साहित्य संमेलनाचे त्यांना ठाऊक होते. १९२४ च्या गाण्याचे नव्हते. 'हे तू वर्गात सांगतेस?' त्यांनी विचारले. मी सांगितले, की गेल्या वर्षी पु. लं.चे 'रावसाहेब' शिकवताना एका मुलीने मला विचारले, 'मॅडम, बेळगावची माणसे मराठी का बोलतात?' ज्या गावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात पु. ल. शिकवत होते, जिथे इंदिरा संतांनी संसार केला, ज्या भागाची बोली प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या तोंडी आहे, त्या गावाविषयी वरळीतली मुलगी हे विचारते. दादांना राग येईल असे मला वाटले. ते म्हणाले, 'तिची काय चूक? आपण तिथे गेलोच नाही ना.'

समोर स्टेशनाच्या नावाचा पिवळा फलक होता. तीन ओळी, तीन लिप्या. दादांनी बोट दाखवून विचारले, 'ती वरची ओळ काय म्हणते?'

'बे-ळ-गा-वि,' मी एकेक अक्षर वाचले.

'ळ आहे?'

'आहे. ते दुसरे अक्षर. कन्नडला ळ आहे, आपल्याला आहे. इंग्रजीला कुठला? इंग्रजांनी म्हणूनच बेलगाम करून ठेवले.'

दादा त्या दुसऱ्या अक्षराकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, 'तुला कानडी कधी आले?'

'आईने शिकवले. इथेच, हा फलक दाखवून. दर मे महिन्यात चार-चार अक्षरे.'

'तिला लिहिता-वाचता येत होते?'

'चांगले येत होते.'

'मला कधी बोलली नाही.'

मी उत्तर दिले नाही. ते त्यांनी स्वतःच दिले. 'मी मिरजेला असायचो,' ते म्हणाले.

इतक्यात मामा आला. फलाटाचे तिकीट हातात, अंगात सणाचा कोट, मागे सून आणि नातू. सून धारवाडकडची, घरात ती कन्नड बोलते, मामा मराठी बोलतो, नातू दोन्ही बोलतो आणि रुसला की इंग्रजी. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात हाच मामा पोलिसांच्या गाडीत बसून गेला होता. दादांनी वरळीत राहून जी शपथ पाळली, तिचा भार मामाने इथे राहून वाहिला होता. आणि त्याच मामाने पुढे हीच सून हौसेने घरात आणली. या दोन गोष्टी त्याला परस्परविरुद्ध वाटत नाहीत. तिथे राहणाऱ्याला त्या वाटत नसाव्यात.

बावन्न वर्षांत मेहुणे-मेहुणे दहा-बारा वेळाच भेटले असतील, तेही मुंबईत नाही तर मिरजेत. मामा बाकापाशी आला. दादा उठू लागले, त्याने उठू दिले नाही. वाकून पाया पडला आणि शेजारी टेकला. दोघेही समोरच्या रुळांकडे पाहत होते. खूप वेळाने मामा म्हणाला, 'दाजी, लई उशीर केलासा.'

दादा म्हणाले, 'मिरजेला गाडी बदलायची होती. वेळ लागला.'

मामाने मान हलवली, जणू हे कारण अगदी रास्त होते. मग त्याने दादांच्या हाताला धरले आणि दोघे जिन्याकडे निघाले. दाराशी दादा थबकले. तिथून पुढे केंद्र सरकारची हद्द संपत होती. बाहेर रिक्षा उभ्या होत्या, कन्नड पाट्या होत्या, त्यांच्याशेजारी एका दुकानाची मराठी पाटी होती, आणि कुठूनतरी कढणाऱ्या खव्याचा वास येत होता. दादांनी खिशात हात घातला. तिकीट दाखवायची त्यांची जुनी सवय. खिशातून निघाले ते आईच्या डब्यातले पुठ्ठ्याचे एक तिकीट, मिरज ते बेळगाव, पूर्ण. ते त्यांनी घरून निघतानाच घेतले असले पाहिजे.

दाराशी तिकीट मागायला कोणी उभे नव्हते. दादांनी ते पुन्हा खिशात ठेवले आणि बाहेर पाऊल टाकले.